सहा हजार चारशे चकत्या, दोनशे डोकी

कॅगल या संकेतस्थळावर मेंदूच्या एमआरआयचा एक डेटासेट बरीच वर्षं फिरतो आहे. चार फोल्डर, एकूण ६,४०० चित्रं. स्मृतिभ्रंश नाही, अगदी सौम्य, सौम्य आणि मध्यम अशी फोल्डरांची नावं, आणि त्यांतली चित्रं अनुक्रमे ३,२००, २,२४०, ८९६ आणि ६४. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट या फोल्डरांवर भरपूर होतात, आणि ‘आमच्या मॉडेलची अचूकता ९९ टक्के’ हे वाक्य त्यांत नवं नाही (मॉडेल म्हणजे उदाहरणं दाखवून उत्तर द्यायला शिकवलेला प्रोग्रॅम). मग ‘एआय आता मेंदूच्या स्कॅनवरून अल्झायमर ओळखणार’ अशी एखादी बातमी येते, आणि घरात विसरभोळं होत चाललेलं माणूस असलेले लोक विचारू लागतात की हे यंत्र नेमकं कुठल्या हॉस्पिटलात आहे.

एक साधा हिशेब करा. वरच्या चारही आकड्यांना ३२ ने भागा. उत्तरं येतात १००, ७०, २८ आणि २.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २००७ मध्ये ‘ओॲसिस’ नावाचा डेटासेट जगाला खुला केला. त्याच्या पहिल्या भागात अगदी सौम्य स्मृतिभ्रंशाची ७०, सौम्यची २८ आणि मध्यमची २ माणसं आहेत. आकडे तंतोतंत जुळतात. म्हणजे प्रत्येक माणसाच्या स्कॅनच्या ३२ चकत्या. ६,४०० ही चित्रांची संख्या झाली, माणसं २००. आणि ‘मध्यम’ या अख्ख्या फोल्डरामागे दोन डोकी.

खुल्या एमआरआय डेटावर संशोधन करताना जे काही बिघडतं, त्यातलं निम्मं या एका भागाकारात दिसतं. उरलेलं निम्मं समजायला आधी स्कॅन म्हणजे काय ते पाहावं लागेल.

## स्कॅन हा फोटो का नव्हे

एमआरआय यंत्र डोक्याचं छायाचित्र घेत नाही. प्रबळ चुंबकक्षेत्रात शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणू रेडिओलहरींना कसा प्रतिसाद देतात, ते मोजतं. मोजमाप जागेनुसार मांडलं की आकड्यांचा एक ठोकळा तयार होतो. पावाची लादी डोळ्यांसमोर आणा. तिचे आडवे, उभे, तिरके कसेही काप काढता येतात, पण मूळ वस्तू लादी असते. या लादीतल्या सर्वांत लहान घनाला व्हॉक्सेल म्हणतात. नेहमीच्या संशोधन-स्कॅनमध्ये तो सुमारे १ मिलिमीटर बाजूचा असतो. १७६ काप आणि प्रत्येक काप २५६ बाय २५६, असा ठोकळा धरला तर साधारण १ कोटी १५ लाख व्हॉक्सेल होतात. प्रत्येकाला दोन बाइट धरले तर एका माणसाचा एक स्कॅन २३ एमबीच्या आसपास जातो.

एकाच बसण्यात, खरं तर झोपण्यात, यंत्राची मांडणी बदलून वेगवेगळे स्कॅन घेतात. ‘टी-१’ मध्ये मेंदूचा करडा आणि पांढरा भाग स्वच्छ वेगळे दिसतात, म्हणून मेंदूचं आकारमान मोजायला तो वापरतात. ‘टी-२’ मध्ये पाणी उजळ दिसतं, त्यामुळे सूज किंवा इजा चटकन लक्षात येते. ‘फंक्शनल’ स्कॅन रक्तातल्या ऑक्सिजनच्या चढउतारांवरून मेंदूच्या कामकाजाचा अंदाज घेतो, आणि तो एक ठोकळा नसून शेकडो ठोकळ्यांची मालिका असते.

सीटी स्कॅनमध्ये पाणी म्हणजे ० आणि हवा म्हणजे उणे १,००० असं जगभर ठरलेलं आहे. एमआरआयच्या टी-१ मध्ये असं काही नाही. एका यंत्रावर पांढरा भाग ४०० दाखवेल, दुसऱ्यावर ९००, आणि दोन्ही बरोबर. आकड्याला स्वतःचं एकक नाही, त्याला अर्थ आहे तो त्याच स्कॅनमधल्या शेजाऱ्यांच्या तुलनेत. ही गोष्ट न समजता दोन हॉस्पिटलांचे स्कॅन एकत्र कालवले की पुढचे सगळे निष्कर्ष डळमळतात.

यंत्रातून स्कॅन ‘डायकॉम’ स्वरूपात बाहेर पडतो. त्यात चित्राबरोबर रुग्णाचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल, यंत्राची मांडणी असं सगळं असतं. संशोधनासाठी तो ‘निफ्टी’ या स्वरूपात बदलतात. त्यात व्यक्तीची माहिती उरत नाही, पण व्हॉक्सेलचा आकार आणि डोक्याची दिशा टिकते. जेपीईजी केलं की दोन्ही जातात. कापाची जाडी किती, डावं कुठलं, उजवं कुठलं, काही कळत नाही, आणि बारीक छटा २५६ पायऱ्यांत चेपल्या जातात. म्हणून खुला डेटा घेताना पहिला नियम असा ठेवावा: जेपीईजी किंवा पीएनजी फोल्डर मिळत असतील तर ते सोडून मूळ निफ्टी कुठे आहे ते शोधा.

## हा डेटा देतं कोण?

एक स्कॅन म्हणजे यंत्राचा वेळ, तंत्रज्ञ, डॉक्टरांच्या चाचण्या आणि तासभर न हलता पडून राहिलेला माणूस. एवढं खर्चिक काम एका शोधनिबंधापुरतं वापरून कपाटात ठेवणं परवडत नाही, हे या क्षेत्राला उशिरा का होईना उमगलं.

ओॲसिसच्या पहिल्या भागात १८ ते ९६ वयाची ४१६ माणसं आहेत, सगळी उजव्या हाताची. दुसऱ्या भागात ६० ते ९६ वयाच्या १५० जणांना पुन्हा पुन्हा बोलावून केलेले स्कॅन आहेत, एकूण ३७३ भेटींचे. लंडनच्या तीन हॉस्पिटलांतून जमवलेल्या ‘आयएक्सआय’मध्ये निरोगी लोकांचे सुमारे ६०० स्कॅन आहेत, काही १.५ टेस्लाच्या यंत्रावरचे, काही ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक). अमेरिका-कॅनडातला अल्झायमरचा ‘ॲडनी’ २००४ पासून चालू आहे. ‘ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’ने २२ ते ३५ वयाच्या सुमारे १,२०० तरुणांचे अतिशय बारीक, ०.७ मिलिमीटरचे स्कॅन दिले. ऑटिझमसाठी ‘अबाइड’ आहे: १७ केंद्रं, १,११२ जण, त्यात ५३९ ऑटिझम असलेले. सगळ्यांत मोठा यूके बायोबँक. त्याच्या ५ लाख सहभागींपैकी १ लाख जणांचं स्कॅनिंग करण्याचं उद्दिष्ट २०२५ मध्ये पूर्ण झालं.

सगळ्यांना ‘खुले’ म्हणतात, पण दारं वेगवेगळी आहेत. ‘ओपनन्यूरो’ या भांडारातला डेटा शक्यतो कुठल्याही अटीविना मिळतो: उतरवा आणि वापरा. आयएक्सआयची अट अशी की श्रेय द्या आणि त्यातून काही बनवलंत तर त्याच अटींवर पुढे द्या. ॲडनीसाठी अर्ज करून करार मान्य करावा लागतो, आणि निबंध छापताना श्रेय कसं द्यायचं तेही ठरलेलं आहे. यूके बायोबँकला संशोधनाचा प्रस्ताव आणि शुल्क दोन्ही लागतात, आणि काम बहुतांशी त्यांच्याच क्लाउडवर करायचं असतं. करार लांबलचक असतो, तरी दोन कलमं वाचाच. सहभागींची ओळख शोधण्याचा प्रयत्न करायचा नाही, आणि डेटा दुसऱ्याला द्यायचा नाही. वर्गमित्राला पेन ड्राइव्हवर देणं हेही ‘देणं’च. ‘हा स्कॅन समजावून सांग’ म्हणून तो एखाद्या सार्वजनिक चॅटबॉटवर चढवणं, तेही.

## उतरवल्यावर आधी तक्ता, मग चित्रं

मॉडेल लिहायची घाई सगळ्यांनाच असते. पण पहिला दिवस स्कॅनबरोबर येणाऱ्या तक्त्याला द्यावा.

ओॲसिसच्या पहिल्या भागाचंच घ्या. तक्त्यात ४३६ ओळी आहेत, माणसं मात्र ४१६. फरक २० चा, कारण २० जणांचा ९० दिवसांच्या आत दुसऱ्यांदा स्कॅन केला होता. ओळ म्हणजे माणूस असं धरून चाललात तर इथेच पाय घसरला.

पुढचा स्तंभ सीडीआर. म्हणजे स्मृतिभ्रंशाची तीव्रता सांगणारा, डॉक्टरांनी मुलाखतीवरून दिलेला अंक: ० म्हणजे नाही, ०.५ अगदी सौम्य, १ सौम्य, २ मध्यम. हा स्तंभ ४३६ पैकी फक्त २३५ ओळींत भरलेला आहे. बाकी रिकाम्या, कारण बहुतेक तरुणांची ती चाचणी केलीच नव्हती. रिकाम्या जागी ० भरायचा मोह होतो. ‘तरुण आहेत, निरोगीच असणार.’ भरा आणि काय होतं ते पाहा. आता तुमच्याकडे १०० रुग्ण आणि ३१६ निरोगी आहेत. रुग्ण सगळे साठीच्या पुढचे. निरोग्यांपैकी २१८ साठीच्या आतले. ‘साठीच्या पुढे दिसला की आजारी म्हणा’ एवढा एकच नियम पाठ केलेलं मॉडेल ४१६ पैकी ३१८ वेळा बरोबर ठरेल, म्हणजे ७६ टक्के. आजाराबद्दल त्याला शून्य माहिती आहे. वयानुसार मेंदू आकसतो, आतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या होतात, तेवढं त्याने ओळखलं. योग्य तुलना साठीच्या पुढच्या १९८ जणांतली आहे: ९८ निरोगी, १०० रुग्ण. डेटा निम्म्याहून कमी झाला, अचूकताही घसरेल, पण जे उरेल ते अल्झायमरशी संबंधित असण्याची शक्यता तरी आहे.

यासाठी कुठलंही मॉडेल करण्याआधी एक बिनचित्रांचं मॉडेल करावं. फक्त वय, लिंग, शिक्षणाची वर्षं आणि कुठल्या केंद्रावरचा स्कॅन, एवढ्यावरून उत्तर किती बरोबर येतं ते लिहून ठेवा. तुमच्या चित्रांच्या मॉडेलला त्याच्यापेक्षा जे जास्त येईल, तीच स्कॅनची खरी कमाई.

हा सल्ला पुस्तकी वाटतो, म्हणून २०११ ची गोष्ट सांगायला हवी. लहान मुलांमधल्या एडीएचडीसाठी, म्हणजे अतिचंचलता आणि एकाग्रतेच्या अडचणीसाठी, आठ केंद्रांचे स्कॅन एकत्र करून जागतिक स्पर्धा भरवली गेली. ७७६ मुलांचा डेटा शिकायला आणि १९७ मुलांचा परीक्षेला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संघाने सर्वांत जास्त, ६२.५ टक्के अचूकता मिळवली. त्यांनी मेंदूचा स्कॅन वापरलाच नव्हता. वय, लिंग, डावखुरेपणा, बुद्ध्यंक, केंद्र, बस्स. स्पर्धा चित्रांची असल्यामुळे बक्षीस दुसऱ्यांना गेलं. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ही स्पर्धा ध्यानात ठेवावी.

तक्ता झाला की स्कॅन डोळ्यांनी पाहा. चारशे स्कॅन प्रत्येकी अर्धा मिनिट पाहिले तरी साडेतीन तासांत होतात. डोकं हललं असेल तर कवटीभोवती पाण्यात दगड टाकल्यासारखी वलयं दिसतात. नाकाचं टोक डोक्यामागून उगवलं असेल तर चौकट लहान पडली होती. दातातल्या धातूमुळे पुढचा भाग वितळल्यासारखा दिसतो. ‘एमआरआयक्यूसी’ हे मोफत साधन प्रत्येक स्कॅनचे गुणवत्तेचे आकडे काढून देतं, पण त्याच्या यादीतले तळाचे वीस तरी स्वतः उघडून पाहावेत.

हलण्याचा मुद्दा चित्र खराब होण्यापुरता नाही. हललेल्या डोक्यात करड्या भागाची जाडी मोजमापात कमी भरते. लहान मुलं, वृद्ध आणि आजारी माणसं जास्त हलतात. त्यामुळे ‘रुग्णांचा मेंदू पातळ’ या निष्कर्षातला काही भाग ‘रुग्ण जास्त हलले’ एवढाच असू शकतो.

डावं-उजवं हेही इथेच तपासावं. काही प्रोग्रॅम डोकं समोरून पाहिल्यासारखं दाखवतात, त्यामुळे रुग्णाची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे येते. काही उलट. निफ्टीच्या शीर्षभागात खरी दिशा लिहिलेली असते. ओॲसिसचा पहिला भाग मात्र ‘ॲनालाइझ’ या जुन्या स्वरूपात आहे, ज्यात दिशा निःसंदिग्ध लिहायची सोय नव्हती. तिथे डेटासेटबरोबरची माहितीपत्रिका वाचल्याशिवाय ‘डावा हिप्पोकॅम्पस’ (मेंदूतला, कानाच्या पातळीवर आत असलेला, स्मृतीशी निगडित छोटा भाग) असं लिहू नये.

## पेपरफुटी

आता त्या ३२ चकत्यांकडे परत येऊ. सर्वसाधारण पद्धत अशी: सगळी ६,४०० चित्रं पिसायची, ८० टक्के शिकवायला, २० टक्के परीक्षेला. पत्त्यांसारखी पिसली की एकाच माणसाच्या २५-२६ चकत्या शिकवणीत जातात आणि सहा-सात परीक्षेत. एकाच मेंदूच्या शेजारशेजारच्या चकत्या जुळ्या भावांसारख्या दिसतात. मॉडेलला परीक्षेत विचारलेलं डोकं आधीच पाठ आहे. शिकवणीत सोडवून घेतलेलीच गणितं पेपरात आली तर ९९ टक्के पडणारच.

‘मध्यम’ वर्गात तर ५१ चित्रं शिकवणीत, १३ परीक्षेत, आणि दोन्हीकडे तीच दोन माणसं.

याला डेटा गळती म्हणतात. २०२० मध्ये पॅरिसच्या एका संशोधकगटाने एमआरआयवरून अल्झायमर ओळखण्याचा दावा करणारे डीप लर्निंगचे (थेट चित्रांवरून स्वतः शिकणाऱ्या एआय पद्धतीचे) प्रकाशित निबंध तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक निबंधांत अशी गळती असण्याची शक्यता आढळली. तेव्हा विद्यार्थ्यांवर हसण्यात अर्थ नाही.

उपाय एका ओळीचा आहे: चित्रं वाटायची नाहीत, माणसं वाटायची. माणसाचा क्रमांक घ्यायचा, आणि त्याचं जे काही असेल, सगळ्या चकत्या, दुसऱ्या भेटीचे स्कॅन, फिरवून-उलटवून वाढवलेली चित्रं, ते सगळं एकाच बाजूला ठेवायचं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सायकिट-लर्न संचात गट सांभाळून वाटणी करणारी फंक्शनं तयार आहेत. कनेक्टोम प्रोजेक्टमध्ये तर मुद्दाम जुळी आणि सख्खी भावंडं घेतली आहेत, म्हणून तिथे माणूस सोडाच, अख्खं कुटुंब एका बाजूला ठेवावं लागतं. कोण कुणाचा भाऊ ही माहिती नेहमीच्या तक्त्यात नसते, त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते, आणि ती न काढता केलेली वाटणी कच्ची.

गळती याहून चोरपावलांनीही येते. वाटणी करण्याआधीच सगळ्या डेटाची सरासरी काढून आकडे समतल केले. किंवा सगळ्या डेटावर पाहून ‘महत्त्वाचे’ भाग निवडले आणि मग वाटणी केली. किंवा परीक्षेचा निकाल बघून मॉडेल सुधारलं, पुन्हा बघितलं, पुन्हा सुधारलं. तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त होतो आणि तो कोड वाचून पकडता येत नाही.

## ‘पण आम्ही चार डेटासेट एकत्र केले, मग तरी चालेल ना?’

चालेल, पण आधी यंत्राचा ठसा समजून घ्यावा लागेल. कंपनी, चुंबकाची ताकद, सॉफ्टवेअरची आवृत्ती, डोक्यावर बसवायची कॉइल, यांतलं काहीही बदललं की स्कॅनचा पोत बदलतो. माणसाच्या डोळ्याला दिसणार नाही एवढाच, पण मॉडेलला लख्ख दिसतो. रुग्ण एका हॉस्पिटलातून आणि निरोगी दुसऱ्या डेटासेटमधून घेतले, तर मॉडेल हॉस्पिटल ओळखायला शिकेल, आणि तुम्हाला वाटेल की आजार ओळखतो.

हा ठसा कमी करण्याची एक प्रचलित पद्धत आहे ‘कॉम्बॅट’. मूळची जनुकशास्त्रातली, २००७ ची. पुढे एमआरआयसाठी जुळवली गेली. ती कशी चालते ते बोर्डाच्या पेपर तपासणीवरून समजेल. एका परीक्षकाचा हात सैल, दुसऱ्याचा कडक. दोघांच्या गठ्ठ्यांची सरासरी आणि गुणांची पसरण पाहून मॉडरेटर गुण वरखाली करतो. कॉम्बॅट प्रत्येक केंद्राच्या आकड्यांचं हेच करतं, वय-लिंगासारखे खरे फरक राखून.

पण सगळी हुशार मुलं कडक परीक्षकाच्याच गठ्ठ्यात असली तर? तर कडकपणा कुठे संपतो आणि हुशारी कुठे सुरू होते हे कुठल्याही मॉडरेटरला सांगता येणार नाही. सगळे रुग्ण एका यंत्रावर आणि सगळे निरोगी दुसऱ्यावर असतील तर कॉम्बॅट लावून काही साधत नाही. प्रत्येक केंद्रात दोन्ही प्रकारची माणसं हवीत. याची परीक्षा घ्यायची चांगली रीत म्हणजे एक अख्खं केंद्र बाजूला ठेवायचं, उरलेल्यांवर शिकवायचं, आणि त्या न पाहिलेल्या केंद्रावर निकाल काढायचा. तो आकडा खाली येतो. निबंधात तोच छापावा.

## किती माणसं पुरतात?

शितावरून भाताची परीक्षा होते ती भात ढवळलेला असतो म्हणून. शिवाय काय तपासता यावरही आहे. भात शिजला की नाही हे चार शितं सांगतील, मीठ चिमूटभर कमी आहे का ते सांगणार नाहीत.

अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस इतका आकसतो की शंभर-दोनशे माणसांतही फरक दिसतो. स्वभाव, बुद्धी, नैराश्य यांचा मेंदूच्या आकाराशी किंवा जोडण्यांशी असलेला संबंध मात्र चिमूटभर मिठाएवढा आहे. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तीन मोठ्या डेटासेटमधली सुमारे ५०,००० माणसं घेऊन हे तपासलं. असे संबंध भरवशाने पकडायला हजारो माणसं लागतात, आणि या क्षेत्रातला नेहमीचा अभ्यास २५ च्या आसपास माणसांवर झालेला असतो. तीस जणांच्या स्कॅनवरून ‘हुशार लोकांच्या मेंदूत अमुक भाग मोठा’ अशी बातमी दिसली तर चहा संपवून पुढचं पान उलटावं.

डेटा तोच असला तरी उत्तर एकच येतं असंही नाही. २०२० मध्ये ७० संघांना एकाच १०८ जणांच्या फंक्शनल स्कॅनचा डेटा देऊन नऊ प्रश्न विचारले. एकाही दोन संघांची पद्धत सारखी निघाली नाही, आणि अनेक प्रश्नांवर निष्कर्ष फाटले. म्हणून सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रत्येक पायरीचे आकडे लिहून ठेवणं हे कामाचाच भाग आहे. डेटा ‘बिड्स’ या २०१६ च्या ठरलेल्या रचनेत ठेवला, म्हणजे माणसागणिक फोल्डर, स्कॅनच्या प्रकारागणिक उपफोल्डर आणि बाजूला मांडणीची मजकूर-फाइल, तर तयार साधनं त्यावर थेट चालतात आणि सहा महिन्यांनी तुमचं काम तुम्हालाच कळतं.

## ‘नाव काढून टाकलंय, मग खासगीपणाचा प्रश्न कुठे?’

टी-१ स्कॅनमध्ये मेंदूबरोबर नाक, ओठ, कानही येतात. त्यांचा पृष्ठभाग संगणकावर उभा केला की चेहरा तयार. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांचे स्कॅन आणि त्यांचे फोटो बाजारात मिळणाऱ्या चेहरा-ओळख सॉफ्टवेअरला दिले. ७० जण अचूक जुळले.

म्हणून डेटा खुला करण्याआधी चेहरा पुसतात. ‘पायडिफेस’सारखी साधनं चेहऱ्याचे व्हॉक्सेल शून्य करतात. पुसताना कधी कपाळामागचा मेंदूही खरवडला जातो, आणि काही मोजमापं थोडी बदलतात. तेव्हा अर्धे स्कॅन पुसलेले आणि अर्धे न पुसलेले अशी सरमिसळ करू नये, नाहीतर मॉडेल नाक पाहून निदान करेल. तारखांचंही तसंच. ओॲसिसच्या तिसऱ्या भागात खऱ्या तारखा नाहीत, अभ्यासात आल्यापासून कितव्या दिवशी स्कॅन झाला तेवढंच आहे.

भारतातल्या हॉस्पिटलचे स्कॅन जमवणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यामुळे संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे जावंच लागतं. ‘परवानगीची गरज नाही’ हे ठरवणंही त्याच कमिटीचं काम आहे, गाइडचं नव्हे. दुसरी गोष्ट २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्यात संशोधनाला सवलत आहे, पण ती ठरवून दिलेले निकष पाळून, आणि त्या डेटावरून त्याच व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नसेल तरच.

## परदेशी मेंदू, देशी रुग्ण

स्कॅनची तुलना करायला सगळ्यांना एका नकाशावर बसवावं लागतं. १९८८ चा प्रसिद्ध नकाशा साठ वर्षांच्या एका फ्रेंच बाईच्या मेंदूवरून काढला होता. आता सर्रास वापरतात तो माँट्रिअलचा, १५२ तरुणांच्या सरासरीचा. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने ५० स्त्रिया आणि ५० पुरुषांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा केला, तेव्हा तो उंची, रुंदी आणि घनफळात पाश्चात्त्य नकाशापेक्षा लहान भरला. त्यावरून बुद्धीबद्दल काही सुचवणारे मथळे येतात, ते सोडून द्यावेत. मुद्दा शिवणकामाचा आहे: मोठ्या मापाच्या साच्यावर लहान कापड ताणलं की शिवण सरकते, आणि सरकलेली शिवण ‘आकसलेला मेंदू’ म्हणून वाचली जाऊ शकते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेतल्या संशोधकांनी ६ ते ६० वयासाठी पाच भारतीय नकाशे दिले आहेत. पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलांतल्या स्कॅनवर काम असेल तर दोन्ही नकाशांवर बसवून निकाल बदलतो का ते पाहावं.

वंशाइतकाच फरक स्वयंसेवक कोण यानेही पडतो. यूके बायोबँकने बोलावलेल्यांपैकी साडेपाच टक्के लोक आले, आणि आलेले लोक सरासरीपेक्षा निरोगी आणि सुस्थितीतले होते. भात ढवळलेला नव्हता.

## एका लॅपटॉपवर काय होतं?

‘फ्रीसर्फर’ हे मेंदूचे भाग मोजणारं मोफत सॉफ्टवेअर. फुकट मिळणारी परवाना-फाइल आधी मागवून ठेवायची. एका स्कॅनला काही तास घेतं. सहा तास धरले तर ओॲसिसचे ४१६ जण एकामागोमाग घातल्यास १०४ दिवस, चार एकदम चालवले तर २६. ‘फास्टसर्फर’ ग्राफिक्स कार्डावर भाग पाडायचं काम सुमारे मिनिटभरात करतं. मेमरी निदान ८ जीबी हवी, आणि डिस्क जेवढी वाटते त्याच्या दुप्पट, कारण मधल्या पायऱ्यांच्या फाइली मूळ डेटाहून मोठ्या होतात.

एवढ्या साधनांत करण्याजोगं एक काम सांगतो, त्यात डीप लर्निंग नाही. ओॲसिसमधली ती २० माणसं घ्या, ९० दिवसांत दोनदा स्कॅन झालेली. त्यांना स्मृतिभ्रंश नव्हता, त्यामुळे एवढ्या दिवसांत हिप्पोकॅम्पसमध्ये फारसा बदल व्हायचं कारण नाही. दोन्ही स्कॅनवर त्याचं घनफळ मोजा आणि प्रत्येकाचा टक्क्यांतला फरक काढा. जो फरक येईल ती तुमच्या मोजमापाची चूक. आता ती या आकड्यांशेजारी ठेवा: हिप्पोकॅम्पस निरोगी वृद्धांत वर्षाला साधारण दीड टक्का आकसतो, अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. तुमची चूक तीन टक्के निघाली, तर एका माणसाचे वर्षभराच्या अंतराने घेतलेले दोन स्कॅन पाहून तुम्ही डॉक्टरांना काय सांगू शकाल, ते तिथेच ठरतं.